अण्णाचं चकचकीत कार्ड

डायलिसिसच्या वॉर्डबाहेर चार तास बसायला लागतं. आठवड्यातून तीन वेळा. बाकडी लोखंडी, टीव्ही बंद, चहा पाणचट. माणूस करणार काय? बोलतो. मागच्या बुधवारचा किस्सा शुक्रवारी, शुक्रवारचा सोमवारी. असं मी दोन वर्षं बसलो. पोतंभर किस्से जमले आणि आता सांगायला बाकडं नाही, कारण ज्याच्यासाठी बसत होतो तोच गेला. म्हणून तुम्हाला सांगतो. हसू आलं तर हसा, आम्हीही हसायचो. पण मी चिडूनच सांगणार. मला दुसरं येत नाही सध्या.

मी परशुराम. गाव निपाणीजवळ, शाळा सातवीपर्यंत, व्हाइटफील्डला ऑफिसची कॅब चालवतो. मारुती माझा थोरला भाऊ, मी त्याला अण्णा म्हणायचो. होसकोट्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. चौतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी हेब्बाळजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मशीनवर. माझी किडनी त्याला जुळली होती. तपासण्या चालू होत्या. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत अण्णाला टिकवायचं, आमच्या घरात एवढं एकच काम होतं.

"तुझी किडनी घेतल्यावर मला तुझी अक्कल यायची नाही ना रे?" अण्णा विचारायचा.

तो टिकला नाही. आणि त्याला किडनीने नाही मारलं. एका गोळीने मारलं!

*

हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत निर्मलाअक्का बसायची. फार्मसिस्ट. तिच्या घरचे लोक कित्येक पिढ्यांपासून बेंगळूरात, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायची आणि परत यायची. चष्मा नाकावर, लाल पेन कानावर.

आमचा पहिला दिवस. अण्णा चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेला. ती म्हणाली, "पिशवी उलटी कर."

"आं?"

"औषधांची पिशवी रे. ह्या ट्रेमध्ये उलटी कर. घरात असेल ती प्रत्येक गोळी मला दिसली पाहिजे."

अण्णाने केली. बीपीची गोळी, पित्ताची गोळी, गावच्या वैद्याची पुडी, कंबरदुखीच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या. अक्काने त्या दोन पट्ट्या उचलल्या. "नावं दोन, औषध एकच. आणि तेही किडनी खाणारं. उरलेली घालवायची आहे काय?"

"कंबर दुखते, अक्का."

"मग मला विचार. दुखण्याला दुसरं असतं. आता खिसा."

"खिसा?"

"शर्टाचा. खरी औषधं तिथे असतात."

खिशातून आणखी एक पट्टी निघाली! अण्णा ओशाळला. म्हणाला, "अक्का, तुम्ही औषधवाल्या की पोलीस?"

"पोलीस चोरी झाल्यावर येतात. मी आधी येते."

आमच्या बॅचमध्ये एकानेच आपला खिसा कधी उलटा केला नाही. शेजारच्या बेडवरचा व्यंकटेशप्पा, बसचा रिटायर ड्रायव्हर. तो कन्नडातच बोलायचा, मी मराठीत सांगतो. खिशावर हात ठेवून म्हणायचा, "पिशवी तुझी, अक्का. खिसा माझा. मी मेल्यावर बघ."

*

मला एक कळत नव्हतं. गोळी चांगली, डॉक्टरने दिलेली, शेजाऱ्याला लागू पडते, मग अण्णाला विष कशी होते? मी अक्काला विचारलं.

ती म्हणाली, "स्वल्प थांब, सांगते. पाहुणा घरी आला. जेवला, काम झालं. आता जायला नको? पण मागचं दार बंद. तो बसला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, तोही बसला. तिसरा आला. पाहुणे सगळे चांगलेच आहेत रे, पण घरातल्या माणसाला श्वास घ्यायला जागा कुठे? किडनी म्हणजे ते मागचं दार. तुझ्या भावाचं बंद आहे. म्हणून त्याला गोळी देताना बघायचं, ही बाहेर कुठून जाणार? जात नसेल तर कमी द्यायची. नाहीतर द्यायचीच नाही."

अण्णा मशीनवरून म्हणाला, "अक्का, निपाणीहून बेंगळूरला आल्यापासून माझ्या एका खोलीत असंच चाललंय. हा पर्शा पाच वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून आला होता!"

*

सुमनकाकू समोरच्या बेडवर. सत्तरीच्या, बोलायला गोड. त्यांचा मुलगा व्हाइटफील्डला मोठ्या कंपनीत. असे लोक मी रोज मागच्या सीटवर बसवतो, मला ओळखू येतात. फोनवर सगळं वाचलेलं असतं.

एकदा मशीनला लावायच्या आधीच काकूंचे पाय लुळे पडले, छाती धडधडायला लागली. डॉक्टर धावले. मशीनवर घेतलं, वाचल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच! कोणाला कारण सापडेना. अक्का बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, "घरात नवीन काय आणलं?"

"औषध काहीच नाही."

"औषध नाही विचारलं. काय आणलं?"

मुलगा म्हणाला, "मीठ बदललं. आईला बीपी आहे म्हणून कमी सोडियमवालं मागवलं. हेल्दी आहे."

अक्काने पाकीट आणायला लावलं. मागची बारीक अक्षरं त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं.

"मशीन चार तास राबून तुझ्या आईच्या अंगातून जे बाहेर काढतं," अक्का म्हणाली, "ते तू चमच्याने परत घालतोस. शिकलास किती?"

त्याने खरंच सांगितलं किती ते! आम्ही हसून हसून बेजार. पण मला मनातून राग आला होता. एवढं शिकलेला माणूस पाकीट उलटून बघत नाही, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

*

ह्याच काकूंना मग नागीण झाली, कमरेवर. मुलाने कातडीच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या लिहिल्या, दिवसाला तीन वेळा, भरपूर डोस. डायलिसिस चालू आहे का, विचारलंच नाही. काकूंनीही सांगितलं नाही. कातडीवाल्याला किडनीचं कशाला सांगायचं?

तिसऱ्या दिवशी काकू वारलेल्या नवऱ्याशी गप्पा मारायला लागल्या. भिंतीवरच्या माणसांना चहा विचारायला लागल्या. घरचे समजले, शेवट आला. नातेवाईकांना फोन गेले. धारवाडहून, म्हैसूरहून माणसं आली. कोणीतरी गंगाजल आणलं.

शुक्रवारी तशाच अवस्थेत त्यांना मशीनवर आणलं. अक्काने मुलाला एकच विचारलं, "पिशवी कुठाय?"

पट्टी बघितली आणि तिने त्या कातडीवाल्या डॉक्टरला आमच्यासमोर फोन लावला. पलीकडून जोरात आवाज आला, "मॅडम, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच, सर. म्हणून तर फोन तुम्हाला केला. मी असते तर लिहिलंच नसतं."

गोळी बंद झाली. आमच्या डॉक्टरांनी सलग जादा डायलिसिस केलं. रविवारी काकू शुद्धीवर आल्या, खोलीभर नातेवाईक बघितले आणि म्हणाल्या, "एवढे सगळे? कोण गेलं?"

*

आमच्याकडे एक रीत होती. बॅचमधला कोणी गेला की तेरावा झाल्यावर घरचे लोक त्याची उरलेली औषधं घेऊन यायचे आणि वॉर्डाबाहेर वाटायचे. फेकायला जीव होत नाही हो. गेलेल्याची आठवण म्हणून लोक दोन-दोन पट्ट्या घ्यायचे, कपाळाला लावून पिशवीत टाकायचे.

अक्काला हे दिसलं की ती खिडकी सोडून बाहेर यायची. "प्रसाद आहे काय हा? आणा इकडे सगळं!"

पट्ट्या घेतलेली एक बाई अडून बसली. "अक्का, दान आहे. पुण्य असतं त्यात."

"गेले त्यांचं वजन पंचाऐंशी किलो, तुझा नवरा पन्नास. हीच गोळी एवढीच घेतली तर पुण्य तुला मिळेल आणि नवरा त्यांना भेटायला जाईल."

बाईने पट्ट्या परत दिल्या.

*

आता कार्डाचं सांगतो.

अक्का प्रत्येक पेशंटला पिवळं कार्ड करून द्यायची. हॉस्पिटल छापून देत नव्हतं, म्हणून औषधांच्या खोक्यांचा पिवळा पुठ्ठा स्वतः कात्रीने कापायची. वर कन्नड आणि इंग्रजीत: 'डायलिसिस पेशंट. कोणतीही गोळी देण्याआधी फोन करा.' खाली तिचा नंबर. त्याखाली लाल पेनाने त्या माणसाला काय काय चालत नाही त्याची नावं. नवीन काही कळलं की एक ओळ वाढवायची. कार्ड कुठेही जाताना जवळ पाहिजे.

अण्णाचं कार्ड घामाने मऊ पडलं होतं, कोपरे फाटले होते. मला ते बघवेना. मी व्हाइटफील्डच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि झकास लॅमिनेशन करून आणलं. दोन्ही बाजूंनी, जाड प्लास्टिक. पाण्यात टाकलं तरी काही होणार नाही! अण्णाने सगळ्या वॉर्डात दाखवलं. "आमच्या पर्शाने केलं."

त्याच शुक्रवारी मशीनवर अण्णाला उचकी लागली. थांबेना. व्यंकटेशप्पा म्हणाला, "मला पण लागायची. मेडिकलमध्ये एक गोळी मिळते, बॅक्लोफेन. घेतली की खलास."

अक्काने ऐकलं आणि ओरडली, "उचकी खलास की माणूस? ती गोळी ह्यांच्या अंगातून बाहेर जात नाही. अप्पा, तुम्ही घेतली होती तेव्हा दोन दिवस कुठे होतात, आठवतं?"

व्यंकटेशप्पाला ते दोन दिवस अजिबात आठवत नव्हते.

"पर्शा, कार्ड आण. लिहून ठेवते."

मी ऐटीत कार्ड दिलं. तिने पेन टेकवलं. पेन घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं.

"आता ह्याच्यावर काय लिहू? माझं नशीब?"

सगळे हसले. मीही हसलो. पुठ्ठा संपला होता, नवी खोकी सोमवारी यायची होती. "सोमवारी नवं कार्ड करते. तोवर हे जपून ठेव," म्हणून तिने पांढऱ्या चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून त्यावर फुली मारली.

मी चिठ्ठी जपून ठेवली. जिथे मी महत्त्वाचे कागद ठेवतो तिथे. कॅबच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत.

*

शनिवारी दुपारी मी व्हाइटफील्डला ड्युटीवर, चिठ्ठी माझ्या डोक्यावर. होसकोट्यात अण्णाची उचकी परत सुरू झाली. जेवण जाईना. वहिनी त्याला गल्लीच्या टोकावरच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि जाताच कार्ड दाखवलं. वहिनी शिस्तीची.

डॉक्टरने कार्ड वाचलं. मन लावून वाचलं! म्हणाला, "फार चांगलं केलंत. ह्यातलं एकही औषध मी देत नाही." आणि उचकीची गोळी लिहिली, तीच, पण दुसऱ्या कंपनीच्या नावाची, म्हणून अण्णाला ओळखू आली नाही. दिवसातून तीन वेळा.

वर लिहिलं होतं, फोन करा. फोन नाही केला. नावं वाचली, ती टाळली, झालं.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा अण्णा गाढ झोपला होता. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "उचकी थांबली बघा. किती दिवसांनी झोपलेत." कशाने थांबली ते मी विचारलं नाही, पंखा वाढवला. रविवारी तो उठून दोन घोट पाणी प्यायचा, काहीतरी बरळायचा, परत झोपायचा. वहिनी म्हणाली, "उठवू काय?" मी म्हणालो, "झोपू दे की. दमलाय."

मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

सोमवारी सकाळी तो उठेना. उलटी होऊन श्वासात गेली होती, घशात घरघर चालली होती. मी त्याला दोन्ही हातांवर घेऊन वॉर्डात शिरलो. अक्का खिडकीतून ओरडली, "काय घेतलं? पिशवी!" वहिनीने पट्टी दिली. अक्काने ती बघितली आणि पट्टी घेऊन डॉक्टरांकडे पळाली. मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं.

चार दिवस व्हेंटिलेटर. शुक्रवारी, त्याच्या मशीनच्या वेळेला, अण्णा गेला.

*

अण्णा गेल्यावर पाचव्या दिवशी मी त्या दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्ये गेलो. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये फार्मसिस्टचं सर्टिफिकेट, त्यावर फोटो. मिशीवाला माणूस. काउंटरवर भलताच कोणी.

"हे कुठायत?" मी फोटो दाखवला.

"ते इथे नसतात. तुमकूरला असतात."

"मग माझ्या भावाची गोळी कोणी दिली?"

"डॉक्टरनी लिहिली, आम्ही दिली."

"कार्ड बघून एकाला तरी विचारावंसं वाटलं नाही?"

"कोणाला विचारायचं?"

"ह्याला!" म्हणालो आणि फ्रेम ओढून खाली आपटली.

पोलीस आले. दुकानदार म्हणाला, फ्रेम फोडली. मी म्हणालो, माझा भाऊ मेला, ह्यांचा फार्मसिस्ट भिंतीवर लटकतो. हवालदाराने फ्रेमची तक्रार लिहून घेतली. काच फुटलेली दिसते ना. अण्णा कुठे दिसतो?

*

तेरावा झाला. वहिनीने अण्णाची औषधं पिशवीत भरून दिली. मी गेलो, पण वाटायला नाही, भांडायला गेलो. खिडकीसमोर उभा राहून ओरडलो, "अक्का, शुक्रवारी तुला एक पुठ्ठा मिळाला नाही? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एक पुठ्ठा?" तिला मी कधी 'तू' म्हणालो नव्हतो.

ती म्हणाली, "पिशवी उलटी कर."

मी केली. ती एकेक पट्टी बाजूला लावत गेली, नेहमीसारखी. शेवटी कार्ड निघालं. चकचकीत, एक सुरकुती नाही. तिने ते बघितलं, बाजूला ठेवलं आणि खण उघडला.

आतून पिवळं कार्ड काढलं. नवं, कडा वाकड्या कापलेल्या. वर मारुती. खाली जुनी सगळी नावं आणि शेवटी नवी ओळ, उचकीच्या गोळीची, खाली दोन लाल रेघा.

"सोमवारी लवकर आले होते, साडेसहाला. खोकं फोडून आधी हेच केलं," ती म्हणाली. "तू सातला येणार होतास."

कार्ड घेऊन म्हणालो, "आता ह्याचं काय करू, अक्का?"

तिने चष्मा काढून पुसला. "लॅमिनेशन करू नकोस."

*

सोमवारी मी अजूनही त्या हॉस्पिटलात जातो. माझी सुट्टी असते आणि बाजूची सीट रिकामी बघवत नाही. म्हणून व्यंकटेशप्पाला नेतो, आणतो.

गेल्या महिन्यात परत येताना त्याला उचकी लागली. हेब्बाळच्या पुलाखाली म्हणाला, "थांबव, सोडा पितो." मी थांबवली. दोन मिनिटांनी वळून बघतो तर म्हातारा सोड्याच्या दुकानात नाही, शेजारच्या मेडिकलमध्ये! काउंटरवर पट्टी आलेली. मला लांबूनच तिचा रंग ओळखू आला.

इंजिन चालू टाकून मी पळालो आणि त्याच्या हातातून पट्टी हिसकावली.

दुकानदार भडकला. "ए! कोण रे तू? डॉक्टर?"

"नाही."

"फार्मसिस्ट?"

"नाही."

"मग हात कसा लावतोस?"

मी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि काउंटरवर आपटलं. "वाच."

त्याने वाचलं. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत, दोन लाल रेघांपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. "ह्यावर मारुती लिहिलंय. मारुती कोण?"

मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला.

व्यंकटेशप्पाने एक उचकी दिली. त्याचा हात नेहमीप्रमाणे खिशावर होता.

"नाने," तो म्हणाला. मीच.

आणि त्याने शर्टाचा खिसा काउंटरवर उलटा केला.